कुशाबाने न घेतलेली शपथ

"माझे बाबा चोर नाहीत. एवढं एक सिद्ध करून द्या," सोनाली कळंबे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

राजनंदिनी उतेकरने स्वतःसाठी आलेला चहा तिच्यापुढे सरकवला. महाडच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. पाटीवर 'खाजगी तपास' असं लिहिलं होतं आणि बहुतेक माणसं मुलीचं लग्न ठरवण्याआधी नवऱ्यामुलाचे रंग तपासून घ्यायला तिथे येत. ड्यूटी संपवून तशीच युनिफॉर्मवर आलेली, रडून डोळे सुजलेली नर्स काही रोज येत नसे.

खिडकीपाशी मंगेश दळवी विद्यार्थ्यांचे पेपर तपासत बसला होता. तो राजनंदिनीचा मामेभाऊ, कायद्याचा प्राध्यापक. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे तंटे आपल्या जुन्या धर्मशास्त्रांनी कसे मिटवले आणि चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या पठडीतल्या लोकांनी कसे मिटवले, यावर तो प्रबंध लिहीत होता. प्रबंध गेली कित्येक वर्षं संपतच आला होता. घरी बायको त्याबद्दल विचारी, म्हणून तो बहिणीच्या ऑफिसात येऊन बसे.

"चोरी कशाची?" राजनंदिनीने विचारलं.

"हद्दीच्या धोंड्याची."

मंगेशने पेपर खाली ठेवले.

सोनालीने सांगितलं ते असं. कुडपणच्या वाटेवर, पोलादपूरच्या डोंगरात त्यांची छोटी वाडी होती. उतारावर वरच्या अंगाला तिच्या वडिलांचं, कुशाबाचं घर आणि शेत, खालच्या अंगाला आवडीकाकी सकपाळचं. मधल्या बांधावर पूर्वजांनी रोवलेला एक उभा धोंडा. काकीचं म्हणणं, कुशाबाने तो धोंडा खाली सरकवून तिची जमीन खाल्ली.

"किती?"

"दोन-तीन हात."

"दोन-तीन हातांसाठी एवढं?" मंगेश म्हणाला.

"सर, आमच्या डोंगरात तेवढ्यात नाचणीच्या चार ओळी बसतात." सोनालीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने परत पेपर उचलले. "गावकी बसली. सोमजाईच्या देवळात शपथ घ्यायची असं ठरलं. तांदूळ हातात घेऊन म्हणायचं, मी केलं नाय, करवलं नाय, आणि ठाऊक असून लपवलं नाय. आमच्याकडे ही शपथ खोटी कोणी घेत नाही. बाबा तर मरतील पण घेणार नाहीत."

"मग?"

"बाबांनी तांदूळ उचलले आणि परत ताटात ठेवून घरी निघून आले. एक शब्द बोलले नाहीत. त्याच दिवसापासून ते चोर ठरले. रविवारी गावकी परत बसणार आहे. तेव्हाही शपथ घेतली नाही तर पालखीला खांदा बंद. काकीचा मुलगा कोर्टात जाणार ते वेगळंच. माझ्या बाबांनी जन्मभर दुसऱ्याच्या झाडाचा आंबा उचलला नाही हो!"

"हल्ली त्यांचं काही बिनसलंय का? तब्येत, झोप?"

"तळीयेला दरड कोसळली तेव्हा ते मदतीला गेले होते. आल्यापासून पावसात झोपत नाहीत. पाऊस लागला की घोंगडी घेऊन वर सड्यावर, डोंगरावरच्या खडकाळ पठारावर, फेऱ्या मारतात. मनाला लागलंय त्यांच्या."

राजनंदिनीने मान हलवली. "शनिवारी येतो आम्ही."

"आम्ही?" मंगेश म्हणाला.

"तुझ्या प्रबंधातलं शेवटचं प्रकरण चालून आलंय, आणि तू पेपर तपासणार?"

*

पोलादपूर सोडून गाडी घाट चढायला लागली तसा मंगेशला कंठ फुटला.

"आपल्या शास्त्रकारांनी हद्दीच्या भांडणाचा फार बारकाईने विचार केलाय, नंदाताई. पहिलं म्हणजे शेजारच्या जुन्याजाणत्या माणसांना विचारायचं. दुसरं म्हणजे खुणा. त्या दोन प्रकारच्या. उघड खुणा म्हणजे झाड, वारूळ, बांध, धोंडा. आणि गुप्त खुणा म्हणजे जमिनीत पुरून ठेवलेल्या. कोळसा, भाताचं तूस, खापऱ्या, हाडं. लवकर कुजत नाहीत अशा वस्तू. लबाड माणूस वरचा दगड सरकवतो, पण खाली काय पुरलंय ते त्याला ठाऊक नसतं."

"हुशार होते. आणि तुझी चिनी मंडळी?"

"त्यांना खटला उभा राहणं हीच गावाची नाचक्की वाटायची. चांगला निकाल देणारा न्यायाधीश त्यांच्या लेखी काही फार मोठा नव्हे. कोणाला निकाल मागायला यावंच लागू नये अशी माणसं घडवणारा तो मोठा." मंगेश रंगात आला. "त्यांच्याकडे दोन सरदारांची गोष्ट सांगतात. एका शेतावरून वर्षानुवर्षं भांडत होते. शेवटी एका सज्जन राजाकडे न्याय मागायला निघाले. त्याच्या मुलुखात शिरतात तो काय, शेतकरी एकमेकांना सांगतायत, बांध तुझ्याकडे घे, माझ्याकडे नको. दोघांना लाज वाटली आणि ते तिथूनच माघारी फिरले."

"मग शेत कोणाचं ठरलं?"

"कोणाचंच नाही. दोघांनी ते पडीक सोडलं."

"आणि वकिलांनी काय खायचं?" असं म्हणून राजनंदिनीने गाडी वळणावर घातली. मंगेशची गोष्ट तिथेच राहिली.

*

आवडीचं घर उताराच्या खालच्या टोकाला होतं. पन्नाशीची, काटक, एकटी राहणारी बाई. दाराला आतून एक दगड लावून ठेवला होता.

"दार लागत नाय गो धड," ती म्हणाली. "सुताराने दोनदा रंधा मारला, तरी अडतंयच. बसा."

"धोंडा हलला हे तुम्हाला कसं कळलं?"

आवडीने खुंटीवरचा दोर काढला. "माझ्या सासऱ्यांनी वळलेला हा. आमचे हे व्हते तेव्हा पेरणीच्या आधी दोर धरायचे. खालच्या कातळावर छिन्नीची खूण हाय, तिथनं धोंड्यापर्यंत दोन दोर. कमी नाय, जास्त नाय. हे गेले, मग चार-पाच वर्षं कोणी धरला नाय. यंदा रितेश आला म्हणून धरला, तर दुसरा दोर दोन-तीन हात उरला आणि धोंडा आला."

राजनंदिनीने स्वतः दोर धरून पाहिला. एक टोक कातळावरच्या खुणेवर मंगेशने दाबून धरलं. बाई म्हणत होती तेच खरं होतं. परत येताना शेताच्या तळाशी आवडीचा गडगा लागला. दगडावर दगड रचलेली ती भिंत मधोमध पोट सुटल्यासारखी पुढे आली होती, काही दगड खाली कातळावर पडले होते.

"भावजींची गुरं चढतात त्याच्यावर. दुसरं काय!" आवडी म्हणाली.

"त्यांना चोर म्हणता आणि भावजीही म्हणता?"

"मग काय म्हणू?" आवडीने पदर डोळ्यांना लावला आणि रागाने परत खाली सोडला. "हे गेले त्या साली माझ्या शेतावर नांगर त्यांनीच धरला. उपरा असता तर कोर्टात गेले असते आणि विसरले असते. आपल्या माणसाने असं केलं म्हणून जीव जळतो."

रितेश, तिचा मुलगा, ओट्यावर मोबाईलवर बोट फिरवत बसला होता. मुंबईत घरोघरी सामान पोचवायचं काम करायचा, सुट्टीला आला होता. त्याला फार विचारावं लागलं नाही.

"म्हातारा आमचा पाईप पण खेचतो, मॅडम. सड्यावरच्या झऱ्यावरून पाणी येतं, त्याच्या वाडीतून. दर पावसाळ्यात वरचा जोड निखळतो. मी बोललो आईला, सीधी बात हाय, केस टाकू."

"मधला तुकडा कापून नेला होता का?"

"नाय, पाईप होता सगळा. पण जोडायला गेलो तर पुरेना. मग हा सफेद तुकडा घातला."

काळ्या पाइपात खरंच एक पांढरा तुकडा होता. राजनंदिनीने पाइपाला बोट लावलं. तो जमिनीवर सैल पडलेला नव्हता, चांगला ताणलेला होता.

"कुशाबांची जागा तुला हवी आहे का रे?"

रितेश हसला. "व्ह्यू बघा ना मॅडम! होमस्टे एक नंबर चालेल. मी विचारलं पण होतं, म्हातारा ऐकत नाय."

मंगेशने बहिणीच्या कानाशी लागून म्हटलं, "हाच. म्हाताऱ्याला बदनाम करायचं आणि जागा लाटायची."

"असेलही. पण धोंडा खरंच कोणी हलवलाय का, ते आधी बघू."



*

गावकीचा म्हातारा हैबती काठी टेकत बांधावर आला. मंगेशने गुप्त खुणांबद्दल विचारताच त्याचा चेहरा उजळला.

"हाय की! ह्या धोंड्याखाली कोळसा आणि तूस हाय. माझ्या आज्याच्या वेळची गोष्ट. बारका व्हतो मी, पण कोळशाची पाटी मीच आणली व्हती. खापऱ्या पण टाकल्यात."

मंगेशला आपला प्रबंध जिवंत होऊन समोर उभा राहिल्यासारखं वाटलं. हैबतीच्या परवानगीने रितेशने पहारीने धोंड्याची एक बाजू उकरली. कष्टाचं काम होतं, कारण बांधावरच्या जुन्या करवंदीच्या मुळांनी धोंड्याला खालून पक्का विळखा घातला होता. मुळांच्या आत, धोंड्याच्या तळाशी काळा थर लागला. कोळसा, खापऱ्या, तुसाचा करडा चुरा.

"सुटलं!" मंगेश जवळजवळ ओरडला. "धोंडा सरकवला असता तर कोळसा जुन्या जागी राहिला असता. कोळसा इथेच आहे, म्हणजे धोंडा जागचा हललेलाच नाही. आवडीबाईंचा दोर चुकतोय."

"दोर तू स्वतः धरलास ना?"

"मग... मग कोळसाही उचलून इथे आणला असेल."

"आणि ही मुळं? एवढी करवंद उपटून, परत लावून, धोंड्याभोवती गुंडाळून घेतली?" राजनंदिनी बांधाच्या एका टोकाला जाऊन एक डोळा मिटून उभी राहिली. करवंदीची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती आणि धोंडा बरोबर रांगेत होता. "धोंडा मातीतून निघालेला नाही. आणि बाईंचा दोरही खरा आहे. दोन्ही खरं आहे, मंगेश."

"दोन्ही खरं कसं असेल?"

"तेच शोधायचंय," असं म्हणून ती कुशाबाच्या घराकडे चढायला लागली.

*

कुशाबा अंगणात बसला होता. उंच, हाडापेराने मोठा माणूस, पण खांदे उतरलेले. बोटांना काजळी. सोनालीने पाणी आणून दिलं. मंगेश दाराला टेकून उभा राहिला आणि त्याच्या शर्टाला लाकडाचा भुसा लागला. दाराची वरची कड नव्यानेच तासलेली होती.

"कुशाबा, धोंड्याला हात लावलात?"

"नाय. पोरीच्या गळ्याची आण. मी केलं नाय आणि कोणाकडून करवलं नाय."

म्हातारा राजनंदिनीच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला. पुढे काही बोलला नाही.

"मग हेच देवळात सांगा ना बाबा!" सोनाली कळवळून म्हणाली. "सगळ्यांची तोंडं बंद होतील."

कुशाबाने नजर खाली घातली. "लोक बोलतात ते बोलू दे. तू महाडला जा. ह्यात पडू नको."

"वर सड्यावर जाऊन येऊ का?" राजनंदिनीने सहज विचारलं.

"तिथं काय हाय बघायला?" म्हातारा एकदम म्हणाला.

वर बघायला फारसं काही नव्हतंच. उतार संपून सडा सुरू होतो तिथे कोणीतरी राब भाजला होता. पालापाचोळा, फांद्या, शेण जाळून काळी केलेली जमीन, वर राखेचा थर. त्याच्याही वर, सड्याच्या कडेला, तो झरा.

"राब कुठे भाजतात?" राजनंदिनीने विचारलं.

"जिथे भाताची किंवा नाचणीची रोपं करायची तिथे. शेतात, वाफ्यावर." मंगेशचं आजोळ शेतकऱ्याचंच होतं.

"आकार?"

"चौकोनी, साधारण खोलीएवढा. हे काय विचारणं झालं?"

"आणि हा?"

मंगेशने पाहिलं. काळा पट्टा चांगला लांब होता, पण रुंदीला जेमतेम हातभर. उताराला आडवा, दोन्ही टोकांना खाली वळलेला. "म्हातारा माणूस," तो म्हणाला. "जमलं तसं भाजलं असेल."

राजनंदिनी त्या पट्ट्याच्या कडेकडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. तिचा चेहरा असा काही झाला होता की मंगेशला पुढचा प्रश्न विचारवेना. तिने फोन काढला, रेंज मिळेपर्यंत सड्यावर वणवण केली आणि तालुक्याच्या कचेरीत बराच वेळ कोणाशी तरी बोलली.

"आज तुझ्या शास्त्रकारांनी काम केलं," खाली उतरताना ती म्हणाली. "आता तुझ्या चिन्यांनी केलं पाहिजे. उद्या निकाल लागला तर वाडीचं वाटोळं होईल. निकालाच्या पलीकडचं काही झालं तर माणसं वाचतील."

मंगेशला यातलं अक्षर कळलं नाही.

*

रविवारी सकाळी देवळात सगळे जमले. तांदळाचं ताट मांडलेलं होतं. राजनंदिनी उभी राहिली आणि म्हणाली, "शपथ नंतर. आधी सगळ्यांनी माझ्याबरोबर सड्यावर यायचं."

कुरकुर झाली. हैबतीने काठी उचलली तशी ती थांबली. सगळी वाडी उतार चढून वर आली, रितेश तिने सांगितलेली पहार घेऊन. कुशाबा सगळ्यांच्या मागे होता, सोनालीने त्याचा हात धरला होता.

"आवडीबाई म्हणतात धोंडा सरकला," राजनंदिनीने सुरुवात केली. "मी दोर धरला. त्या खरं बोलतात. हैबतीबाबा म्हणतात धोंड्याखाली कोळसा आहे. आम्ही उकरलं. तेही खरं. कोळसा, मुळं, करवंदीची रांग, सगळं जिथल्या तिथे. मग धोंडा सरकलाही आहे आणि सरकलेला नाहीही. हे कसं?"

हैबती काठी टेकत पुढे सरकला.

"दोर कातळावरून धरतात. कातळ हलत नाही. माती हलते." तिने खाली बोट दाखवलं. "धोंडा मातीतून हललेला नाही. धोंडा, कोळसा, करवंदी आणि कुशाबांचं सगळं शेत, सगळंच एकत्र खाली आलंय. मातीसकट."

"कायपण!" रितेश म्हणाला.

"रितेश, तुझा पाईप कोणी खेचला? झरा राहिला सड्यावर आणि तुझं घर निघालं खाली. अंतर वाढलं, म्हणून पाईप तोकडा पडला. दर पावसाळ्यात थोडा, कारण जमीन पावसाळ्यातच सरकते. आवडीबाई, तुमच्या गडग्याला पोट सुटलंय ते गुरांनी नाही. वरून येणारी माती त्याला कातळावर दाबतेय. तुमचं दार अडतं, कुशाबांचं दार अडतं. दोन्ही घरांची चौकट एकाच वेळी वाकडी होते ती सुताराच्या चुकीने नाही."

आवडीने तोंडावर हात ठेवला.

"आता कुशाबांची शपथ. ते चोर असते तर त्यांनी एकूण एक शब्द नाकारला असता. काल मी विचारलं तेव्हा मुलीच्या गळ्याची आण घेऊन ते म्हणाले, मी केलं नाय, करवलं नाय. आणि थांबले. शपथेत तिसरी गोष्ट आहे. ठाऊक असून लपवलं नाय. ती त्यांना म्हणता येईना. देवळातही नाही, माझ्यापुढेही नाही."

"काय लपवलं?" हैबतीने विचारलं.

"तुम्ही सगळे शेतकरी. असा हातभर रुंदीचा राब कोणी भाजलेला पाहिलाय? तोही सड्याच्या टोकावर, जिथे कोणी रोप करत नाही?" राजनंदिनीने रितेशच्या हातातली पहार घेतली. "जमीन सुटते तिथे वर भेग पडते. वाकडी, दोन्ही टोकांना खाली वळलेली. ती बुजवली तरी नवी माती ओळखू येते. वर राख असली की कोणी दुसऱ्यांदा बघत नाही."

तिने पहार काळ्या पट्ट्यात टेकवली आणि जोर दिला. पहार आत गेली, जातच राहिली, आणि शेवटी तिची मूठ जमिनीला टेकली. मग तिने हातभर वर, सड्याच्या बाजूला तीच पहार मारली. ती दगडावर खणकन वाजून परत आली.

बायकांमधून एक हुंदका आला. तळीयेचं नाव कोणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर ते दिसत होतं.

मंगेशला आता सगळं दिसलं. मुळं, पाईप, दाराचा भुसा त्याच्याच शर्टाला लागलेला. आणि लगेच त्याला दुसरी गोष्ट जाणवली, ती म्हणजे आपण सगळे त्याच भेगेच्या काठावर उभे आहोत.

कुशाबा खाली बसला. "पहिल्या साली बोट जाईल एवढी व्हती," तो हळूच म्हणाला. "माती टाकली. दुसऱ्या साली हात गेला. मग पाट्या वाहिल्या. पाणी आत गेलं नाय तर थांबेल, असं वाटलं."

"बाबा, सांगितलं का नाही?" सोनाली म्हणाली.

"सांगितलं असतं तर वाडी उठली असती. तळीयेला जी वाचली ती माणसं मी बघितलीत. घर नाय, शेत नाय, देव नाय. कुठंतरी नेऊन बसवतील तिथं बसायचं. मला नाय जमणार ते." त्याने आवडीकडे पाहिलं. "पावसात मी झोपत नाय. आवाज आला असता तर पहिली तुझी कडी वाजवणार व्हतो."

"भेग बुजवलीत ते शहाणपण होतं," राजनंदिनी म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "लपवलीत ते नव्हे. दरड कडी वाजवायला वेळ देत नाही. खाली ही बाई एकटी झोपते, कुशाबा. तालुक्याच्या कचेरीत मी कळवलंय, भूगर्भ खात्यातली माणसं उद्या बघायला येतील. ते ठरवतील तेव्हा ठरवतील. पण पाऊस लागायच्या आत ही दोन्ही घरं रिकामी झाली पाहिजेत, यात बोलण्यासारखं काही नाही."

आवडी पुढे आली. "सगळ्यांच्या देखत मी तुम्हाला चोर म्हटलं, भावजी. सगळ्यांच्या देखत शब्द मागं घेते."

"नको गो वहिनी." म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "चोरच म्हण. चोर राहिलो असतो तर घर तरी राहिलं असतं."

सोनाली वडिलांना मिठी मारून रडायला लागली. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ती जन्मली ते घर त्याच्यात गेलं होतं. राजनंदिनीने पहार खाली ठेवली. तिलाही त्यांच्याकडे बघवेना.

"मग ती बांधाजवळची दोन-तीन हातांची पट्टी कोणाची?" रितेशने विचारलं. सवयीने विचारलं असावं.

"कोणाची नाय," आवडी फटकन म्हणाली. "पडू दे तशीच."

मंगेशने चमकून तिच्याकडे पाहिलं. या बाईने चीन नकाशातही पाहिला नसेल.

"आणि ऐक," आवडी रितेशला म्हणाली. "देवळामागचा आपला माळ हाय ना, पलीकडच्या अंगाचा, सगळा खडक. दोन्ही घरं तिथं बसतील."

"आई! तो माळ मी..."

"तू मुंबईला राहतोस. मला इथं शेजार लागतो."

रितेश आईकडे बघत राहिला आणि मग त्याने मान खाली घातली.

हैबती काठीवर रेलून म्हणाला, "आवडे, चांगलं बोललीस. पण मधे हद्द कुठं घालायची ते आताच ठरवा. नायतर परत भांडाल."

"पुढल्या साली भांडू," आवडी म्हणाली. "आधी गुरं सोडायला हवीत."

ती उतरायला लागलीसुद्धा. कोणी काही म्हणायच्या आत ती कुशाबाच्या गोठ्यात शिरली होती. वरून सगळ्यांना दिसत होतं, तिने गाय सोडली, वासरू सोडलं, आणि मग थोरल्या बैलाच्या दाव्याला हात घातला. बैल मान झाडून मागे सरला. तिने पुन्हा ओढलं, तो पुन्हा सरला.

"भावजी!" तिची हाक सड्यावर आली. "बसलात काय? उठा. हा तुमचा बैल माझ्याने आवरत नाय."

कुशाबाने डोळे पुसले. मुलीच्या खांद्यावर हात टेकून तो उभा राहिला आणि आपल्या घराकडे उतरायला लागला.